साडेबारा ते एक

अंबडला, पॉवर हाऊसच्या मागच्या गल्लीत
आमची फॅक्टरी. नळ बनतात.
गेटला चिकटून टाइम ऑफिस:
सहा बाय आठ, एक खिडकी, एक मी.
एकोणीस वर्षं लोकांच्या वेळा लिहितोय.

आधी पंचकार्ड होतं. खट्ट व्हायचं,
माणूस आला असं वाटायचं.
आता भिंतीवर अंगठ्याचं यंत्र.
त्यातली बाई थँक्यू म्हणते,
नाहीतर प्लीज ट्राय अगेन.

मथुरा भोयेला ती कधीच थँक्यू म्हणाली नाही.
बफिंगच्या चाकावर सहा वर्षं.
पितळ घासता घासता
अंगठ्यावरच्या रेषा पितळेत गेल्या.
कुणाच्या तरी बाथरूममध्ये
एखाद्या तोटीवर चकाकत असतील.
म्हणून तिची हजेरी जुन्या मस्टरात,
माझ्या हाताने.

पगाराच्या दिवशी ती खिडकीत आली.
चिठ्ठी उलटी धरलेली, पण आकडा पाठ.
"भाऊ, माझा रोजचा अर्धा तास कोणी खाल्ला?"
जेवणाचा कापतात, मथुराबाई.
कॉम्प्युटर आपोआप कापतो.
"पण मी जेवलेच न्हाय."

जेवले नाही, हे लिहायला
रजिस्टरात रकाना नव्हता.

गेटच्या आत कायद्याचा गोषवारा लावलेला आहे,
काचेवर पितळेची धूळ.
त्या दिवशी रुमालाने पुसली.
सलग पाच तासांहून जास्त काम नाही,
त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती.
साडेसात ते साडेबारा, बरोबर पाच.
आणि साडेबाराला मी आत जाऊन पाहिलं:
चाक चालू, अकरा माणसं चालू,
एका हातात तोटी, दुसऱ्यात नागलीची भाकरी,
भाकरीला पॉलिशचा वास.
खैरनार सुपरवायझर ओरडत होते, आळीपाळीने खा!
आळी होती. पाळी कुणाचीच येत नव्हती.

संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर मांडलं.
सव्वीस दिवस, तेरा तास.
अकरा जणांचे एकशे त्रेचाळीस.
एवढा वेळ माझ्याच खिडकीतून गेला
आणि मी त्याच्याखाली सही केली.

दुसऱ्या दिवसापासून शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागलो.
"चाक चालू. उभ्याने, अर्धी भाकरी."
"चाक चालू. फक्त पाणी."
"चाक चालू. भाकरी परत डब्यात."
खैरनार म्हणाले, शेवाळे, शेरा लिहा, निबंध नको.
मग मी अक्षर बारीक केलं.

आषाढात इन्स्पेक्टर आल्या, तिदमे बाई.
चहा नको म्हणाल्या.
कॉम्प्युटरचे कागद भराभर उलटले,
मस्टरापाशी थांबल्या.
एका पानावर बोट ठेवून विचारलं,
हे अक्षर कुणाचं?
माझं, म्हणालो.
माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला.
त्यांनी पानांचे फोटो काढले आणि गेल्या.
महिनाभर काहीच झालं नाही.
खैरनार माझ्याशी बोलेनात, एवढंच.

मग एका मंगळवारी साडेबाराला भोंगा झाला
आणि चाकांची लाईट गेली.
गेली नव्हती. बंद केली होती.
मागचे तास अजून "विचाराधीन" आहेत,
पत्राची झेरॉक्स माझ्या खणात आहे.

मथुरा भंगाराच्या ढिगापाशी सावलीला बसली.
सात मिनिटांत तिचं जेवण झालं.
उठून खिडकीत आली.
"भाऊ, उरलेला टाइम जमा करता येतो का?"
नाही, म्हणालो. इथेच खर्चावा लागतो.

ती पायरीवर टेकली.
करायला काही नव्हतं म्हणून
एका बोटाने अंगठा चोळत राहिली,
पांडवलेणीच्या डोंगराकडे बघत,
सहा वर्षं तो तिथे नव्हताच जणू.

मी रकान्यात लिहिलं: बसली.
माझा डबा बंदच होता.
शाई वाळायच्या आत भोंगा झाला.